पोपचा पुतळा, पुतळ्याची तोफ

१५०८ च्या फेब्रुवारीत बोलोन्या शहरातल्या सान पेत्रोनिओ चर्चच्या दरवाजावर ब्राँझचा एक अवाढव्य पुतळा बसवण्यात आला. पुतळा पोप ज्युलियस दुसरा याचा, घडवणारा मायकेलअँजेलो. दोनच वर्षांपूर्वी पोपने स्वतः फौजेबरोबर येऊन हे शहर ताब्यात घेतलं होतं. त्यामुळे पुतळा म्हणजे इथला धनी कोण हे सांगणारी पाटीच होती. मायकेलअँजेलोच्या चरित्रकारांनी याचा एक किस्सा लिहून ठेवलाय. मातीचा नमुना दाखवताना त्याने विचारलं, डाव्या हातात पुस्तक देऊ का? पोप म्हणाला, पुस्तक कशाला, तलवार दे, मला कुठे वाचन-बिचन कळतं!

पुतळा चार वर्षंही टिकला नाही. १५११ मध्ये शहराचं जुनं सत्ताधारी घराणं फ्रेंचांच्या मदतीने परत आलं आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला तो खाली पाडला गेला. ब्राँझ गेलं फेराराचा ड्यूक आल्फोन्सो देस्ते याच्याकडे. त्याचं पोपशी युद्ध चालूच होतं. त्याने ते वितळवून तोफ ओतली आणि तिचं नाव ठेवलं ‘ला जुलिया’, म्हणजे ज्युलियसचं स्त्रीलिंग.

मायकेलअँजेलोचं एक मोठं काम असं दारूगोळ्यात गेलं याची हळहळ वाटतेच. पण इटलीतली कला आणि पोपची सत्ता यांचा संबंध समजून घ्यायला यापेक्षा सोयीचं उदाहरण मला माहीत नाही. ज्या चित्रांचे आणि पुतळ्यांचे फोटो आपण ‘काय सुंदर आहे’ म्हणून एकमेकांना पाठवतो, त्यांतली बरीचशी राजकारणाच्या धुमश्चक्रीत, राजकारणासाठी, राजकारण्याच्या पैशाने झाली आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आज पोप म्हटलं की पांढरा झगा आणि बाल्कनीतून दिलेला आशीर्वाद आठवतो. पण आठव्या शतकापासून १८७० पर्यंत, मधले काही खंड सोडले तर, पोप मध्य इटलीचा राजाही होता. रोमपासून वर बोलोन्यापर्यंत त्याचा मुलूख. त्याची फौज, त्याची टांकसाळ, त्याची जकात, त्याचे तुरुंग आणि त्याचा जल्लादही.

या राजाची अडचण अशी की गादी मुलाला देता येत नव्हती. पोप वारला की कार्डिनल मंडळी, म्हणजे पोपखालचे सर्वांत वरचे धर्माधिकारी, नवा निवडणार, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच घराण्यातला, कधी तर हाडवैऱ्यांच्या. निवड होते तेव्हा वय उलटलेलंच असतं, त्यामुळे हातात मोजकी वर्षं. तेवढ्यात घराण्याचं कोटकल्याण करून घ्यायचं. पुतण्या, भाचा, नातू या सगळ्यांना इटालियनमध्ये एकच शब्द आहे, ‘निपोते’. सिनेमातल्या घराणेशाहीवर बोलताना आपण जो ‘नेपोटिझम’ शब्द वापरतो तो पोपच्या या पुतण्या-भाच्यांवरूनच पडला. १५३४ मध्ये निवडून आलेल्या पॉल तिसऱ्याने तर मिसरूड फुटायच्या वयातल्या दोन नातवांना थेट कार्डिनल केलं. पोपला नातू कसे, हा प्रश्न त्या काळात कुणाला फारसा पडत नव्हता.

नाव राखायचा दुसरा मार्ग दगडाचा आणि रंगाचा. पोपच्या व्हॅटिकन राजवाड्यातल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावर काही नग्न तरुणांजवळ ओकच्या पानाफळांचे भारे दिसतात. ज्युलियसचं आडनाव ‘देल्ला रोव्हेरे’, आणि रोव्हेरे म्हणजे ओकचं झाड. बार्बेरिनी घराण्यातला पोप असेल तर जिथे तिथे तीन मधमाश्या, मेदिची असेल तर गोळे. रोममध्ये कुठल्याही जुन्या इमारतीकडे मान वर करून पाहा, कुणाच्या काळात झाली ते भिंतच सांगते.

आता थोडं मागे जाऊ. १३०९ ते १३७७ पोप रोममध्ये नव्हतेच, फ्रान्सच्या राजाच्या छायेत आव्हिन्योंला राहत होते. मग दोन पोप, पुढे चक्क तीन, आणि प्रत्येकजण बाकीच्यांना तोतया म्हणतोय. १४१७ मध्ये तो तंटा मिटला आणि १४२० मध्ये पोप मार्टिन पाचवा रोममध्ये आला तेव्हा एके काळची ती जगाची राजधानी म्हणजे एक मोडकं गाव होतं. सीझर जिथे वावरला त्या फोरमला, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाला, लोक ‘काम्पो वाच्चिनो’ म्हणायला लागले होते, म्हणजे गुरांचं रान. अशा गावात बसून सगळ्या ख्रिस्ती जगावर हक्क सांगायचा तर तो डोळ्यांना दिसला पाहिजे ना. पुढची शे-दीडशे वर्षं रोममध्ये जे रंग आणि चुना खपला त्यामागे ही निकड होती.

हक्काला कागदही लागतो. तो पोपकडे होता, ‘कॉन्स्टंटाईनचं दानपत्र’. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईनचा कुष्ठरोग पोप सिल्व्हेस्टरने बरा केला आणि सम्राटाने कृतज्ञतेने साम्राज्याचा पश्चिम भाग पोपच्या नावे करून दिला, असं त्यात लिहिलेलं. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला नावाच्या विद्वानाने हे दानपत्र हातात घेतलं आणि निव्वळ भाषेवरून ते बनावट असल्याचं दाखवून दिलं. त्यात रोमन अधिकाऱ्यांना ‘सत्रप’ म्हटलंय, जो शब्द त्या काळच्या रोममध्ये कुणी वापरणंच शक्य नव्हतं. शिवकालीन म्हणून पुढे केलेल्या सनदेत ‘कलेक्टरसाहेब’ सापडावेत, तसंच हे. वाल्लाही काही निव्वळ सत्यशोधक नव्हता. तो नेपल्सवरून पोपशी भांडणाऱ्या राजाच्या पदरी होता. आणि गंमत म्हणजे पुढे त्याला पोपच्याच दरबारात नोकरी लागली.

बरं, खोटेपणा उघडा पडला तर दानपत्र गुपचूप पेटीत ठेवून द्यायचं की नाही? नाही. १५२० नंतर व्हॅटिकनमधल्या एका मोठ्या दालनात रॅफेलच्या शिष्यांनी हाच प्रसंग भिंतभर रंगवला. सम्राट गुडघे टेकून रोम नगरीची सोनेरी मूर्ती पोपच्या हाती देतोय. वाल्लाच्या लेखनाला ऐंशी वर्षं होऊन गेली होती, जर्मनीत ते छापूनही निघालं होतं. कागद टिकला नाही तेव्हा भिंत कामाला आली. मला हे चित्र रॅफेलच्या इतर सगळ्या दालनांपेक्षा जास्त बोलकं वाटतं, जरी रंगकाम मध्यमच असलं तरी.

चित्रकार या सगळ्यात कुठे होते? जिथे काम मिळेल तिथे. २६ एप्रिल १४७८ ला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना मेदिची बंधूंवर मारेकरी घातले गेले. धाकटा जुलियानो ठार झाला, थोरला लोरेन्झो वाचला. फ्लॉरेन्समधली मेदिचींची सत्ता उलथावी ही पोप सिक्स्टस चौथा याची इच्छा होती, आणि कटात त्याच्या गोतावळ्यातली माणसं होती. फ्लॉरेन्सने कटवाल्यांना खिडक्यांतून फाशी दिलं, त्यांत पिसाचा आर्चबिशपही होता. मग त्या लटकलेल्या देहांची चित्रं भिंतीवर काढायचं काम बोत्तिचेल्लीला मिळालं. तोच बोत्तिचेल्ली तीन वर्षांनी, १४८१ मध्ये, रोमला जाऊन त्याच सिक्स्टसच्या नव्या चॅपेलच्या भिंती रंगवत होता. समेटाचा भाग म्हणून लोरेन्झोनेच फ्लॉरेन्सचे चित्रकार पाठवले असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिक्स्टसचं चॅपेल म्हणून सिस्टीन. ज्युलियस हा या सिक्स्टसचा पुतण्या.

ज्युलियसने सगळंच एकदम काढलं. १५०६ मध्ये हजार वर्षांहून जुनं सेंट पीटर्स हे व्हॅटिकनमधलं चर्च पाडून नव्याची पायाभरणी, १५०८ मध्ये मायकेलअँजेलोला सिस्टीनचं छत, लगेच रॅफेलला स्वतःच्या राहत्या दालनांच्या भिंती, आणि सोबत लढाया. पैसा कुठून येणार? हा प्रश्न त्याच्या मागून आलेल्या लिओ दहाव्याच्या गळ्यात पडला. लिओ मेदिची घराण्यातला आणि हातचा उधळा. त्याच्या काळात पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानातला एक पांढरा हत्ती रोमला भेट म्हणून धाडला. पुढे एक गेंडाही धाडला. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला हा गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोचला होता, पण तिथून रोमच्या वाटेवर इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. बिचारा साखळदंडात होता.

सेंट पीटर्ससाठी लिओने पापमुक्तीची पत्रं विकायला परवानगी दिली. पैसे भरा, म्हणजे मेल्यानंतरची शिक्षा कमी. जर्मनीत या विक्रीचा व्यवहार असा होता: आल्ब्रेख्त नावाच्या आर्चबिशपने आपल्या पदासाठी रोमला भरायची रक्कम फुगर सावकारांकडून कर्जाऊ घेतली होती. विक्रीतला अर्धा पैसा रोमला, अर्धा सावकाराला. या विक्रीविरुद्ध जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये जे ९५ मुद्दे मांडले त्यांतला शहाऐंशीवा अगदी हिशेबनिसाचा आहे: पोप एवढा धनाढ्य आहे, तर एक चर्च गरिबांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने का बांधत नाही? सिस्टीनचं छत लोकांना पहिल्यांदा दाखवलं गेलं ती तारीख ३१ ऑक्टोबर १५१२. ल्यूथरच्या मुद्द्यांची तारीख ३१ ऑक्टोबर १५१७. निव्वळ योगायोग, पण मोठा बोचरा.

६ मे १५२७ ला हिशेब चुकता झाला. पोप क्लेमंट सातवा, हाही मेदिचीच, जर्मनी आणि स्पेनवर राज्य करणारा सम्राट पाचवा चार्ल्स याच्याविरुद्ध फ्रान्सच्या बाजूने गेला होता. चार्ल्सच्या सैन्याचा पगार थकला होता, त्यांनी तो रोमकडून वसूल केला. १८९ स्विस रक्षकांपैकी १४७ मारले गेले. पोप भिंतीवरून जाणाऱ्या आडवाटेने सान्तांजेलोच्या किल्ल्यात पळाला. सैन्यातले जर्मन भाडोत्री शिपाई बरेचसे ल्यूथरपंथी होते, आणि ते व्हॅटिकनमध्येच मुक्कामाला राहिले. रॅफेलने ज्या दालनात ख्रिस्ती धर्माच्या सगळ्या आचार्यांची भव्य सभा रंगवलीय, तिथे त्यांच्यातल्या कुणीतरी टोकदार हत्याराने चित्रावरच अक्षरं कोरली: ‘ल्यूथर’. सरळ उभं राहून पाहिलं तर दिसत नाहीत. दिवा कडेने धरला की गिलाव्यातल्या चरांमध्ये सावली पडते आणि नाव उमटतं.

तीन वर्षांनी, फेब्रुवारी १५३० मध्ये, याच पोपने याच सम्राटाच्या डोक्यावर मुकुट ठेवला. समारंभ झाला बोलोन्याला, सान पेत्रोनिओत, म्हणजे ज्या दारावरून ज्युलियस खाली आला होता त्याच चर्चमध्ये. बदल्यात सम्राटाच्या फौजेने फ्लॉरेन्सचं प्रजासत्ताक मोडून मेदिचींना गादीवर बसवलं. त्या प्रजासत्ताकासाठी तटबंदी उभारत होता मायकेलअँजेलो. शहर पडल्यावर तो लपून बसला, पण क्लेमंटने त्याला माफ केलं आणि पुन्हा मेदिचींच्या थडग्यांच्या कामाला जुंपलं. शिल्पकार चांगला असेल तर राजद्रोह पोटात घालता येतो.

नंतरचा काळ धास्तीचा. मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ या वर्षांत सिस्टीनच्या वेदीमागे ‘अंतिम न्याय’ रंगवला, तो बियाजो दा चेझेना नावाच्या पोपच्या दरबारी अधिकाऱ्याला पसंत पडला नाही. हे नागडे देह न्हाणीघरात शोभतील, असं तो म्हणाला. चित्रकाराने त्याचाच चेहरा नरकातल्या न्यायाधीशाला दिला, वर गाढवाचे कान आणि अंगाला विळखा घातलेला साप. तक्रार पोपकडे गेली तेव्हा पोप म्हणाला म्हणे, नरकात माझा अधिकार चालत नाही. पण ल्यूथरपंथाला उत्तर म्हणून चर्चने भरवलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेनंतर वारं फिरलं. १५६५ मध्ये दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराला त्या देहांवर वस्त्रं रंगवायला लावली. भला चित्रकार होता, पण नाव पडलं ‘इल ब्रागेत्तोने’, म्हणजे चड्डीवाला, ते चिकटलंच.

यानंतर युरोपच्या राजकारणात पोपचं वजन उतरत गेलं आणि रोमच्या इमारतींचं वाढत गेलं. हे दोन्ही एकाच माणसात पाहायचं असेल तर फाबिओ कीजी पाहा. कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या वाटाघाटींत तो पोपचा मध्यस्थ होता. १६४८ चा वेस्टफालियाचा तह झाला, त्यात पोपचे आक्षेप कुणी विचारातही घेतले नाहीत. हाच कीजी १६५५ मध्ये अलेक्झांडर सातवा या नावाने पोप झाला आणि त्याने शिल्पकार आणि वास्तुकार बर्निनीकडून सेंट पीटर्ससमोरचा तो चौक करवून घेतला. २८४ खांब, दोन बाजूंनी पसरलेले, कवेत घ्यायला आलेल्या हातांसारखे. कवेत यायला निम्मा युरोप तयार नव्हता, तो भाग वेगळा. १६६२ मध्ये पोपच्या कॉर्सिकन पहाऱ्याची फ्रेंच वकिलाच्या माणसांशी मारामारी झाली, तर चौदाव्या लुईने पोपच्या पुतण्याला फ्रान्सला बोलावून माफी मागायला लावली. १६६५ मध्ये त्याने बर्निनीलाही मागून घेतलं, लूव्ह्र राजवाड्याचा आराखडा काढायला. म्हातारा पॅरिसला गेला, काम केलं, आणि शेवटी फ्रेंचांनी आपलीच माणसं लावली. कलेचं केंद्र रोमहून हललं ते साधारण याच सुमाराला.

या काळातली रोमची छाप आपल्याकडे जुन्या गोव्यात दिसते. सेंट कायेतानचं चर्च थेट सेंट पीटर्सवर बेतलेलं. ते बांधणारे थिआटिन साधू इटालियन, पोपने गोवळकोंड्याला धाडलेले; तिथे थारा मिळाला नाही म्हणून गोव्यात राहिले. पोर्तुगीज राजाच्या हद्दीत पोपची थेट माणसं, त्यामुळे नजरा सरळ नव्हत्या. आणि बॉम जेझूमध्ये सेंट झेवियरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा हा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याचा, तोही मेदिचींनीच पाठवलेला, १६९८ मध्ये.

मग नेपोलियन. १७९६ चा तहनामा आणि १७९७ चा तोलेन्तिनोचा तह यांत पोपला पैसा आणि मुलूख तर द्यावा लागलाच, शिवाय शंभर कलाकृती आणि पाचशे हस्तलिखितं. यादी फ्रेंचांनी करायची. त्यात दोन नग नावानिशी मागितले होते, दोन्ही ब्रूटसचे अर्धपुतळे: एक रोममधून राजाला हाकलणारा, दुसरा सीझरला मारणारा. प्रजासत्ताकाला तेच हवे होते. जुलै १७९८ मध्ये पॅरिसमध्ये या लुटीची मिरवणूक निघाली. त्या वेळी पोप सहावा पायस कैदेत होता आणि वर्षभराने तो फ्रान्समध्येच वारला.

नेपोलियन पडल्यावर १८१५ मध्ये शिल्पकार कानोव्हा पॅरिसला जाऊन जे जमेल ते परत घेऊन आला. सगळं मिळालं नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. रॅफेलचं शेवटचं चित्र ‘रूपांतर’ पॅरिसला गेलं ते रोममधल्या एका चर्चच्या वेदीवरून. परत आलं ते मात्र वेदीवर गेलंच नाही, व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयात लागलं. मेणबत्तीसमोरून निघालेली वस्तू नंबर लावून भिंतीवर आली. १८२० मध्ये पोपच्या राज्याने कलावस्तूंच्या निर्यातीवर बंधनं घालणारा कडक कायदाही केला. चित्रं आता राखायची ठेव झाली.

मुलूख मात्र राखता आला नाही. १८६१ मध्ये इटली एक राज्य झालं, पोपकडे रोम आणि आसपासचा भाग उरला, तोही फ्रेंच फौजेच्या जिवावर. जुलै १८७० मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसभेने ठराव केला की श्रद्धेच्या बाबतीत अधिकाराने बोलणारा पोप चुकू शकत नाही. त्याच सुमारास फ्रान्स प्रशियाशी युद्धात अडकलं, फौज परत गेली, आणि २० सप्टेंबरला इटालियन तोफांनी पोर्ता पिया दरवाजाशेजारी तटाला भगदाड पाडलं. दरवाजा मायकेलअँजेलोने आखलेला. काही तासांत खेळ आटोपला. नववा पायस व्हॅटिकनमध्ये जाऊन बसला आणि स्वतःला कैदी म्हणवू लागला. सुंभ जळालं, पीळ तसाच. पुढचे पोपही ५९ वर्षं बाहेर पडले नाहीत. क्विरिनाल टेकडीवरचा पोपचा राजवाडा इटलीच्या राजाने घेतला. आज तिथे राष्ट्राध्यक्ष राहतात.

आता नव्या राज्याची पाळी होती पुतळे उभारायची. १८८९ मध्ये काम्पो दे फिओरी चौकात जोर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञाचा पुतळा उभा राहिला, जिथे १६०० मध्ये चर्चने त्याला जिवंत जाळलं होतं बरोबर तिथेच.

११ फेब्रुवारी १९२९ ला मुसोलिनीच्या सरकारशी करार झाला आणि पोपला ४४ हेक्टरचं स्वतंत्र राज्य मिळालं. करारात एक कलम असं आहे की व्हॅटिकनमधला कलेचा खजिना अभ्यासक आणि प्रवासी यांना खुला राहील. एके काळी वकील आणि राजे यांना दिपवण्यासाठी रंगवलेल्या भिंती पाहायला आता वर्षाला लाखो माणसं तिकीट काढून येतात. समेटाची खूण म्हणून मुसोलिनीने १९३६ मध्ये सेंट पीटर्ससमोरची जुनी वस्ती पाडायला घेतली आणि सरळसोट रस्ता काढला. पूर्वी अरुंद बोळांतून चालता चालता बर्निनीचा चौक एकदम अंगावर यायचा. आता तो फर्लांगभर आधीपासून दिसतो.

पोपची निवड सिस्टीनमध्येच होते, ती अनादि रीत वाटते. पण एकोणिसाव्या शतकात १८२३ ते १८४६ च्या सगळ्या निवडी क्विरिनालच्या राजवाड्यात झाल्या होत्या. तो गेला म्हणून १८७८ पासून सिस्टीन. मे २०२५ मध्ये लिओ चौदावे निवडले गेले तेव्हा १३३ कार्डिनल एकेक करून ‘अंतिम न्याया’समोर चिठ्ठी टाकायला गेले. चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गाढवाचे कान घेऊन बियाजो उभाच होता.